नहीं तो परभणी : फाइल सिस्टिममधल्या एरर पाथच्या दुरुस्त्या तपासताना

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण परभणीच्या माणसाला जन्मभर ऐकावी लागते. पुण्याला नाहीतर हैदराबादला नोकरीला गेलेल्या पोराला तर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी ती ऐकवतंच. मलाही पूर्वी तिचा राग यायचा. लिनक्सच्या फाइल सिस्टिमचा कोड वाचायला लागल्यापासून मात्र ती आवडायला लागली, कारण त्या कोडमधलं जवळजवळ प्रत्येक फंक्शन याच म्हणीवर चालतं. मेमरी मिळाली, डिस्कवरचा ब्लॉक वाचता आला, रिकामी जागा सापडली, तर बनी. यातलं एक जरी फिसकटलं, तर फंक्शनच्या तळाशी एक लेबल लिहिलेलं असतं आणि गोटू करून तिकडे उतरायचं असतं. ही उतरायची वाट म्हणजे एरर पाथ. आपली परभणीची वाट.

या वाटेची डागडुजी करणारे पॅच सतत येत असतात. दोन ओळींचे, चार ओळींचे. ‘चूक झाल्यावर बफर सोडायचा राहत होता, आता सोडला.’ वाचणाऱ्याला वाटतं, यात तपासायचं ते काय? मान डोलवावी आणि पुढचा पॅच उघडावा. ती मान कधी डोलवू नये, हे सांगायला हा लेख लिहितोय. परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेडकडची जी मुलंमुली सी शिकत शिकत कर्नलपर्यंत पोचली आहेत, किंवा कंपनीत डेटा साठवणुकीच्या कोडचा रिव्ह्यू ज्यांच्या गळ्यात पडतो, त्यांच्यासाठी. तुम्हाला सी येतं आणि इनोड म्हणजे काय ते माहीत आहे, एवढं गृहीत धरलंय.

चूक गिळली गेली की काय होतं, हे मी कोडमध्ये शिकलो नाही. नात्यातल्या एका काकांचं मोंढ्यात बी-बियाण्याचं दुकान. उधारीची वही कॉम्प्युटरवर, आणि रोज रात्री दुकान बंद करताना तिची नक्कल पेनड्राइव्हवर. पडद्यावर ‘बॅकअप पूर्ण’ असं यायचं, काका शटर ओढायचे. एका वर्षी मृगाच्या तोंडावर, वीज सारखी खालीवर होत असताना, कॉम्प्युटरची डिस्क गेली. पेनड्राइव्ह उघडला तर सगळ्या फाइली नावानिशी हजर, आणि शेवटच्या कित्येक आठवड्यांच्या फाइलींचा आकार शून्य. पेनड्राइव्ह केव्हाच भरला होता. फाइल उघडली जात होती, नाव तयार होत होतं, मजकूर लिहायला गेलं की ‘जागा नाही’ असं उत्तर येत होतं, आणि ते उत्तर प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं वाचलंच नव्हतं. बहुतेक शेतकऱ्यांनी आपापला आकडा आपणहून येऊन सांगितला, हा भाग वेगळा. कोडनं मात्र काकांना फसवलं होतं.

हे एका दुकानाच्या प्रोग्रॅमपुरतं नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ साली लिनक्स २.६ मधल्या सगळ्या फाइल सिस्टिम आणि साठवणुकीचे तीन मोठे ड्रायव्हर यंत्रानं तपासले. एरर कोड परत देणारं फंक्शन बोलावलंय, पण त्याचं उत्तर वाऱ्यावर सोडलंय, अशा ११५३ जागा निघाल्या. म्हणजे शंभरातल्या तेरा. त्याच विद्यापीठाचा २०१३ चा अभ्यास आणखी बोलका आहे. ईएक्सटी३, ईएक्सटी४, एक्सएफएस, बीटीआरएफएस, रायझर आणि जेएफएस या सहा फाइल सिस्टिमचे आठ वर्षांतले ५०७९ पॅच त्यांनी वाचून काढले. सापडलेल्या चुकांपैकी जवळपास चाळीस टक्के चुका एरर पाथवरच्या होत्या. आधी काहीतरी बिघडतं आणि ते सावरताना कोड दुसरी चूक करतो.

याचं कारण सरळ आहे. बनी-तो-बनीच्या रस्त्यावरून रोज जगभरातली कोट्यवधी मशिनं धावतात, तिथं खड्डा पडला तर संध्याकाळपर्यंत बोंब होते. परभणीच्या वाटेवर वर्षानुवर्षं कुणी फिरकत नाही. त्या वाटेवरचा पॅच लिहिणाऱ्यानंही बहुतेकदा ती चालून पाहिलेली नसते, कोड वाचून त्याला चूक दिसलेली असते. त्यामुळे रिव्ह्यू करणारा हाच त्या वाटेचा पहिला वाटसरू ठरतो.

आता मुख्य मुद्दा. असा पॅच हातात आला की आपण पहिला प्रश्न विचारतो, ‘गळती बुजली का?’ हा प्रश्न बाजूला ठेवा. त्याऐवजी विचारा, ‘या ओळीवर ही वस्तू कुणाची आहे?’

गावात लग्न निघालं की देवळातली सार्वजनिक भांडी आणतात, ती मोजून परत करायची असतात. समजा वीस पातेली आणली आणि एक परत द्यायचं राहिलं, तर ती गळती. वाईटच, पण देवळाचं एक पातेलं कमी झालं एवढंच. आता उलटा प्रकार बघा. तुमच्या मामानं पातेलं आधीच पोचवलंय, आणि तुम्ही मांडवात दिसलं ते दुसरं पातेलं उचलून ‘हे आमचं राहिलं होतं’ म्हणून देऊन आलात. ते शेजारच्या लग्नाचं होतं आणि त्यात वरण शिजत होतं. कर्नलमधली दुहेरी फ्री म्हणजे हेच. गळतीनं मशीन हळूहळू थकतं, पण दुसऱ्याच्या हातातली मेमरी सोडली तर ते कोसळतं, किंवा न कोसळता चुकीच्या जागी लिहीत राहतं, जे त्याहून वाईट. म्हणजे गळती बुजवणारा चुकीचा पॅच हा मूळ गळतीपेक्षा महागात पडू शकतो.

ईएक्सटी४ मध्ये नोव्हेंबर २०१८ मध्ये अशा दुरुस्त्यांची एक मालिकाच आली होती. त्यातल्या बऱ्याच चालू फाइल सिस्टिमचा आकार वाढवण्याच्या कोडमधल्या, म्हणजे क्वचितच चालणाऱ्या कोडमधल्याच क्वचित वाटेवरच्या. बहुतेक ठिकाणी बफर सोडण्याचं बी-रिलीज राहून गेलेलं होतं. पण त्याच मालिकेतला एक पॅच बरोबर उलट दिशेचा होता, तिथं एरर आल्यावर तोच बफर दोनदा सोडला जाण्याची शक्यता होती. एकाच कोडमध्ये, शेजारशेजारच्या फंक्शनांत दोन्ही रोग. बी-रिलीज फक्त मोजणी एकानं कमी करतं. मोजणी आधीच शून्य असेल तर कर्नल लॉगमध्ये कुरकुरतो तरी. पण तो बफर त्या वेळी आणखी कुणी धरलेला असेल, तर तुमची दुसरी मोजणी त्याच्या नावावरची कमी होते आणि कुणीच ओरडत नाही.

म्हणून कागद घ्या. खरोखरचा कागद, पडद्यावरची खिडकी नव्हे. पॅचमध्ये दिसणाऱ्या दहा ओळी पुरत नाहीत, पूर्ण फंक्शन उघडा. वरून खाली येताना फंक्शननं काय काय उचललं ते क्रमानं लिहा: मेमरी, लॉक, बफर, इनोडचा संदर्भ, जर्नलचं हँडल. मग ज्या ज्या ओळीवरून उडी मारली जाऊ शकते, तिथं खूण करा आणि त्या क्षणी हातात काय आहे ते बाजूला लिहा. आता त्या लेबलावर जा आणि खाली उतरत एकेक खोडा. शेवटी काही उरलं तर गळती, आणि नसलेलं काही खोडायची वेळ आली तर दुहेरी फ्री.

क्रम उलटाच हवा. बैल जुंपताना आधी खांद्यावर जू ठेवतो, मग जुपण्या बांधतो. सोडताना आधी जुपण्या सुटतात, मग जू उतरतं. उलट केलं तर बैल जू घेऊन पळतो. कोडमध्येही लॉक सोडल्यावर त्या लॉकनं राखलेल्या यादीला हात लावला, तर तेच होतं.

हे सगळं नीट कळायला माउंटचं उदाहरण सर्वांत चांगलं, कारण माउंट करणारं फंक्शन, ज्याला सगळे फिल-सुपर म्हणतात, एकामागून एक डझनभर गोष्टी उचलतं. आधी स्वतःच्या माहितीसाठी मेमरी. मग डिस्कवरचा सुपरब्लॉक वाचायचा. मग मोकळ्या जागेचे नकाशे. मग मुळाच्या डिरेक्टरीचा इनोड. मग डी-मेक-रूट बोलावून त्या इनोडला झाडाच्या शेंड्यावर बसवायचं. (झाडाचं मूळ शेंड्यावर, ही संगणकवाल्यांची जुनी खोड.) समजा शेवटच्या पायरीवर मेमरी मिळाली नाही. पॅच म्हणतो, ‘इथं इनोड सोडायचा राहिला, म्हणून आयपुट जोडला.’ बरोबर वाटतं ना? इनोड आपण आणला होता, आपणच परत करायला हवा.

पण डी-मेक-रूट हे त्या मामासारखं आहे. ते यशस्वी झालं तर इनोड झाडाला जोडतं, आणि फसलं तर स्वतःच आयपुट करून मोकळं होतं. इनोड त्याच्या हातात दिला की तो आपला राहत नाही. पॅचमधला आयपुट दुसऱ्याचं पातेलं उचलतोय. आणि याची मजा अशी की २०१२ च्या सुमारापर्यंत त्याच जागी डी-अलॉक-रूट नावाचं फंक्शन होतं, आणि ते फसल्यावर इनोड सोडायचं नाही, तो बोलावणाऱ्यानंच सोडायचा. म्हणजे तोच आयपुट एका काळात दुरुस्ती आणि दुसऱ्या काळात चूक. जुन्या आवृत्तीत पॅच मागे नेताना पाय घसरतो तो इथंच. नव्या कर्नलमधली एरर पाथची दुरुस्ती जुन्या स्थिर आवृत्तीत ‘स्वच्छ लागली’ म्हणजे ती तिथं बरोबर आहे असं नाही. ज्या फंक्शनला वस्तू दिली, त्याचं त्या आवृत्तीतलं वागणं उघडून वाचा.

माउंटचंच आणखी एक. फिल-सुपर फसल्यावर पुढे काय होतं? व्हीएफएसचा थर, म्हणजे सगळ्या फाइल सिस्टिमच्या वरचा सामाईक थर, फाइल सिस्टिमच्या किल-एसबी या आवराआवरीच्या फंक्शनला नेहमी बोलावतो. पण पुट-सुपरला तो तेव्हाच बोलावतो, जेव्हा मुळाची डिरेक्टरी बसवून झालेली असते. मुळाच्या डिरेक्टरीआधीच फसलं, तर पुट-सुपरमध्ये लिहिलेली सगळी साफसफाई होतच नाही. त्यामुळे ‘हे पुट-सुपरमध्ये सुटतंच की’ हा युक्तिवाद माउंट फसण्याच्या बाबतीत चालत नाही. आणि उलट बाजूनं, खासगी माहितीची मेमरी किल-एसबीमध्ये सोडली जात असेल आणि पॅचनं ती फिल-सुपरच्या एरर पाथवरही सोडली, तर दोनदा सुटली. मेमरी कुठं सुटते याचं उत्तर बहुतेकदा एकाच फंक्शनमध्ये नसतं, बोलावणारा आणि बोलावलेला असे दोन्ही उघडावे लागतात.

सिसएफएसमध्ये नोंद करणाऱ्या फंक्शनचाही असाच एक सापळा आहे. कोबजेक्ट-इनिट-अँड-अ‍ॅड फसलं तरी त्या वस्तूवर पुट करावंच लागतं, असं त्याच्या डोक्यावरच्या टिपेत स्पष्ट लिहिलंय. ते न केल्यानं होणाऱ्या गळत्या बुजवणारे पॅच ढिगानं आले. पण पुट केल्यावर वस्तूचं रिलीज फंक्शन चालतं, आणि ते जर सगळी रचनाच फ्री करत असेल, तर खाली आधीपासून असलेलं केफ्री आता दुहेरी होतं. पॅचनं जोडलेली ओळ बरोबर, पण तिच्यामुळे न बदललेली ओळ चुकीची. डिफमध्ये ती दिसत नाही, म्हणूनच पूर्ण फंक्शन उघडा म्हणतोय.

इथपर्यंत वस्तू परत करण्याचं झालं. दुसरा भाग निरोपाचा.

एरर पाथनं वर काय सांगितलं, हे तेवढंच महत्त्वाचं. नेहमीची चूक म्हणजे गोटू केलं, पण त्याआधी एरर कोड भरलाच नाही. चलामध्ये मागच्या यशस्वी पायरीचं शून्य तसंच असतं, सगळी साफसफाई होते आणि फंक्शन वर सांगतं ‘झालं’. काकांच्या पेनड्राइव्हसारखं. याच जातीची दुसरी चूक म्हणजे साफसफाई करताना बोलावलेल्या फंक्शनचं उत्तर त्याच चलात घेणं. साफसफाई यशस्वी झाली, मूळ ईआयओवर, म्हणजे डिस्कच्या चुकीच्या कोडवर, शून्य लिहिलं गेलं. पहिली चूक जपायची, नंतरची वेगळ्या चलात ठेवायची.

मग उत्तराचा प्रकार. काही फंक्शनं फसल्यावर नल देतात, काही एरर पॉइंटर देतात, म्हणजे पत्त्याच्या टोकाच्या ४०९५ जागांत एरर कोड लपवून पाठवतात. एसबी-ब्रेड फसलं की नल. त्यावर बेतलेलं ईएक्सटी४चं स्वतःचं एसबी-ब्रेड मात्र एरर पॉइंटर देतं, म्हणजे डिस्क बिघडली की मेमरी संपली हे वर कळतं. आणि ईएक्सटी४चं ब्रेड तीन उत्तरं देतं: बफर, एरर पॉइंटर, किंवा फाइलमध्ये तिथं भोक असेल तर नल. एका फंक्शनच्या जागी दुसरं घालणारा पॅच आला की खालची तपासणी बदलली का ते आधी बघा. नल तपासणाऱ्या कोडला एरर पॉइंटर खरा बफर वाटतो. केफ्रीला नल दिलेलं चालतं, एरर पॉइंटर दिलेला चालत नाही.

कोड कुठला द्यायचा हाही नुसता नावाचा प्रश्न नाही. समजा डिरेक्टरीचा ब्लॉक वाचता आला नाही आणि फंक्शननं ईआयओऐवजी ईनोएंट दिलं, म्हणजे ‘फाइल नाही’ असं सांगितलं. वरचा प्रोग्रॅम काय करेल? नवीन फाइल तयार करेल. शिवाय ‘ही फाइल नाही’ हे उत्तर कर्नल लक्षातही ठेवू शकतो, मग डिस्क पुढच्या मिनिटाला नीट वाचू लागली तरी फाइल दिसत नाही. तलाठ्याला सातबाराचं दप्तर सापडलं नाही म्हणून त्यानं ‘तुमच्या नावावर जमीनच नाही’ असं लिहून द्यावं, तसं.

निरोप एकदाच दिला जातो आणि हरवतो, याचं गाजलेलं उदाहरण एफसिंकचं, म्हणजे लिहिलेलं खरोखर डिस्कवर पोचवायला सांगणाऱ्या हाकेचं. पोस्टग्रेस डेटाबेसवाल्यांना २०१८ साली लक्षात आलं की लिनक्सवर पानं डिस्कवर लिहिताना चूक झाली, तर एफसिंक एकदा चूक सांगतं, पण ती पानं ‘स्वच्छ’ म्हणून मोकळी झालेली असतात. पुन्हा एफसिंक केलं की यश, कारण लिहायचं असं काही उरलेलंच नसतं. आणि डेटा मात्र डिस्कवर नाही. जुन्या कर्नलमध्ये तर पहिल्या विचारणाऱ्यानं चूक उचलली की दुसऱ्याला ती कळायचीच नाही. कर्नल डेव्हलपर जेफ लेटन यांनी कर्नल ४.१३ मध्ये आणलेल्या नव्या मोजणीनं निदान ज्याच्या ज्याच्या हातात फाइल आधीपासून उघडी आहे त्या प्रत्येकाला चूक एकदा तरी कळू लागली. पोस्टग्रेसनं फेब्रुवारी २०१९ पासून वेगळाच मार्ग धरला. एफसिंक फसलं की पुन्हा प्रयत्न करायचा नाही, सरळ सर्व्हर पाडायचा आणि लॉगमधून उभा करायचा. ऐकायला आडदांड, पण ‘पुन्हा करून बघू’ म्हणणारा एरर पाथ प्रत्येक वेळी शहाणा नसतो. पॅचमध्ये पुनःप्रयत्नाचं चक्र दिसलं की विचारा, दुसऱ्यांदा करताना पहिल्या वेळचं सामान जागेवर आहे का?

आता खास फाइल सिस्टिमचं दुखणं. मेमरी परत केली की मेमरीचा प्रश्न संपतो. डिस्कवरचे अर्धवट बदल परत कसे करणार? डेटाबेसमध्ये रोलबॅक असतो, म्हणून नवख्यांना वाटतं की ईएक्सटी४च्या जर्नललाही असेल. नाही. एका हँडलखाली केलेले बदल जेबीडी२, म्हणजे हे जर्नल सांभाळणारा कोड, परत फिरवत नाही. हँडल बंद केलं की झालेले अर्धे बदलही इतरांच्या बदलांसोबत डिस्कवर जातात. म्हणून एरर पाथला सगळं हातानं निस्तरावं लागतं. नवी फाइल करताना इनोड मिळाला आणि डिरेक्टरीत नाव घालताना फसलं, तर ईएक्सटी४ दुव्यांची संख्या कमी करतो, इनोड अनाथांच्या यादीत घालतो, मग त्याचं कुलूप काढून तो सोडतो. म्हणजे मध्येच वीज गेली तरी पुढच्या माउंटला त्या यादीवरून सफाई होते. पॅच यातली एखादी पायरी गाळत असेल किंवा क्रम बदलत असेल, तर मेमरी तपासणारं कुठलंही साधन ते पकडणार नाही. माउंट होईल, चालेल, आणि कधीतरी फाइल सिस्टिम तपासणाऱ्या एफएससीकेमध्ये हरवलेले ब्लॉक निघतील.

आयपुटकडे तर संशयानंच बघा. ते निरुपद्रवी दिसतं, पण शेवटचा संदर्भ सुटला तर ते इनोड डिस्कवरून पुसायला निघतं, त्यासाठी जर्नल लागतं, झोपही लागू शकते. स्पिनलॉक धरून ते बोलावता येत नाही. चालू ट्रान्झॅक्शनच्या आत बोलावणंही त्रासाचं ठरलं, म्हणून ईएक्सटी४मध्ये ते मुद्दाम बाहेर काढावं लागलं. पॅचनं जोडलेली एक ओळ कुठल्या लेबलाखाली बसली, जर्नल थांबवण्याच्या वर की खाली, यावर मशीन अडकणार की चालणार हे ठरू शकतं.

चालून बघा, हे सगळ्यांत महत्त्वाचं, आणि ते वाटतं तितकं अवघड नाही. टोरांटो विद्यापीठाच्या २०१४ च्या अभ्यासात कॅसँड्रा, एचबेस, एचडीएफएस अशा मोठ्या प्रणालींचे पार झोपलेले प्रसंग तपासले होते. त्यातले ९२ टक्के प्रसंग असे, की मूळ चूक किरकोळ होती, ती कोडला कळलीही होती, फक्त हाताळणी चुकली होती. निम्म्याहून जास्त तर एरर पाथची साधी चाचणी केली असती तरी सापडले असते.

साधा लॅपटॉप आणि क्यूईएमयू पुरतं, व्हर्टमी-एनजीनं तर स्वतः बांधलेला कर्नल एका आज्ञेत उभा राहतो. कर्नलचं सगळं भांडार उतरवायला काही जीबी लागतात. आपल्याकडे रात्री लावून झोपावं आणि इन्व्हर्टर चार्ज आहे का ते आधी बघावं, मध्येच तुटलं की पहिल्यापासून. इतिहास नको असेल तर उथळ क्लोन करा, पण मग चूक कधी शिरली हे शोधता येणार नाही, म्हणून शक्यतो पूर्णच घ्या. कर्नल बांधताना मेमरीचा गैरवापर, गळत्या आणि लॉकच्या चुका पकडणारे केसान, केमेमलीक आणि लॉकडेप चालू ठेवा. मशीन मुंगीच्या पावलांनी चालेल, चालू द्या.

मग मुद्दाम बिघाड घडवायचा. फेलस्लॅब मेमरीच्या मागण्या अधूनमधून नाकारतो. फेल-मेक-रिक्वेस्ट डिस्कच्या विनंत्या फसवतो. डीएम-एरर आणि डीएम-फ्लेकी म्हणजे जाणूनबुजून बिघडलेली डिस्क. ठरावीक फंक्शनलाच फसायला लावणारीही सोय आहे, बीटीआरएफएसनं माउंटच्या मुख्य फंक्शनला ती देऊन ठेवली आहे. एक्सएफएसची स्वतःची बिघाड-बटणं आहेत. एक्सएफएसटेस्ट्समधली जेनेरिक ४७५ क्रमांकाची चाचणी भरधाव काम चालू असताना डिस्क पुन्हा पुन्हा मारते आणि फाइल सिस्टिम सावरते का बघते. यातलं काहीच जमलं नाही, तर गावठी उपाय: संशयित ओळीच्या आधी ‘आता फसलं समज’ अशी एक ओळ हातानं घाला, बांधा, माउंट करा, केमेमलीक काय म्हणतो ते वाचा. ती ओळ पॅचबरोबर पाठवू नका म्हणजे झालं.

पॅचसोबतचं वर्णनही कोडइतकंच तपासा. चूक कशी सापडली? खरं मशीन पडलं, चाचणीनं पकडलं, की यंत्रानं कोड वाचून इशारा दिला? असे इशारे देणारी स्मॅच आणि कोक्सिनेल ही उत्तम साधनं आहेत, पण ती एका फंक्शनच्या पलीकडची मालकी नेहमी ओळखतात असं नाही. ‘फक्त कंपाइल करून पाहिलं’ असं लिहिलेल्या पॅचला मी दुप्पट वेळ देतो. प्रामाणिकपणे लिहिलं म्हणून आदर, आणि चालवलं नाही म्हणून वेळ. चूक कुठल्या कमिटनं आणली ते सांगणारी ‘फिक्सेस’ची ओळ खरी आहे का तेही बघा. गिट ब्लेम ज्या कमिटवर बोट ठेवतं ते बहुतेकदा फक्त ओळी इकडून तिकडे हलवणारं असतं, चूक त्याच्या आधीची असते.

एप्रिल २०२१ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाच्या एका संशोधनावरून कर्नलवाले भडकले. रिव्ह्यू करणारे किती सावध आहेत हे पाहायला तिथल्या संशोधकांनी वरून दुरुस्ती वाटतील असे, पण आतून सदोष पॅच पाठवले होते. त्यासाठी त्यांनी निवडलेली जागा बघा: एरर पाथवरच्या किरकोळ दुरुस्त्या. इथं कुणी नीट बघणार नाही, असा त्यांचा होरा होता. नंतर त्या विद्यापीठातून आलेले जुने ४३५ कमिट पुन्हा तपासले गेले. बहुसंख्य बरोबर निघाले, पण ३९ चुकीचे होते. त्या फसवणुकीपेक्षा मला या ३९ मधला साधेपणा जास्त अस्वस्थ करतो. भल्या हेतूनं केलेली दुरुस्तीही अकरा-बारांत एक चुकते, आणि रिव्ह्यूतून पार होते.

गेल्या काही वर्षांत गोटूची ही साखळीच टाळण्याची सोय सी कोडमध्ये आली आहे. २०२३ च्या ६.५ पासून कर्नलमध्ये चल व्याप्तीबाहेर गेलं की आपोआप सोडलं जाईल असं लिहिता येतं. चांगलं आहे, पण जुन्या फंक्शनमध्ये अर्धं गोटू आणि अर्धं आपोआप अशी खिचडी करणारे पॅच मी तरी परत पाठवतो. यशस्वी वाटेवर ती वस्तू वरच्याला द्यायची असेल तर आपोआप सुटणं थांबवलंय का, हेही बघायला हवं. नाहीतर परभणीची वाट नीट होते आणि बनी-तो-बनीची बुडते.

रिव्ह्यू लिहिताना ‘हे चूक आहे’ एवढंच लिहू नका. कागदावरचा प्रवास लिहा: अमुक ओळीवर मेमरी मिळाली नाही तर अमुक लेबल, तिथं इनोड सोडला जातो, पण तो डी-मेक-रूटनं आधीच सोडलाय. असं लिहिलं की समोरच्याला एकतर पटतं, किंवा तुमची चूक त्याला नेमकी दाखवता येते. माझी तीनदा दाखवली गेली आहे, तीनही वेळा मी मधली एक पायरी गृहीत धरली होती. आणि तुम्ही फक्त मेमरीची बाजू पाहिली असेल, जर्नलची नाही, तर तसं स्पष्ट लिहा. ‘रिव्ह्यूड-बाय’खाली नाव घालणं म्हणजे सातबारावर सही करणं आहे. अर्धवट पाहून ते करू नका, नुसतं निरीक्षण नोंदवलं तरी त्याची किंमत असते.

सरावासाठी ईएक्सटी४पासून सुरुवात करू नका, त्याचा फिल-सुपर दमवतो. मिनिक्स फाइल सिस्टिमच्या इनोड डॉट सी मधलं फिल-सुपर उघडा, एका बसणीत वाचून होतं. तळाशी बरीच लेबलं आहेत, काही एकमेकांत घसरत उतरतात, काही पुन्हा गोटू करतात. प्रत्येकावर पोचताना हातात काय असतं ते कागदावर मांडा. मुळाची डिरेक्टरी बसवताना फसलं तर तिथं आयपुट का नाही, ते तुम्हाला आता सांगता येईल. मग सगळ्यांत खालच्या लेबलाखाली बघा. खासगी माहितीची मेमरी केफ्री करण्याआधी सुपरब्लॉकमधला तिचा पत्ता नल केलेला आहे. ती ओळ काढून टाकणारा पॅच उद्या तुमच्याकडे आला, ‘अनावश्यक ओळ काढली’ असं म्हणत, तर काय उत्तर द्याल ते आधी कागदावर लिहा आणि मग किल-एसबी उघडा.